पाळी संपली, काम उरलं

मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाख आशा कार्यकर्तींना ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स’ पुरस्कार दिला. वाड्या-वस्त्या आणि आरोग्य केंद्र यांच्यामधला दुवा म्हणून त्यांचं कौतुक झालं, मंत्र्यांनी अभिनंदन केलं, वर्तमानपत्रांत फोटो आले. त्याच्या आदल्या वर्षी, जून 2021 मध्ये, करोनाची दुसरी लाट नुकती ओसरत असताना, महाराष्ट्रातल्या सुमारे 70 हजार आशा संपावर गेल्या होत्या. घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या या बायकांच्या पदरात त्या संपातून दरमहा हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपयांचा करोना भत्ता पडला. पुरस्कार आणि संप, दोन्ही एकाच कामाबद्दलचे.

आरोग्य कर्मचाऱ्यांच्या समाधानाचा विषय आपल्याकडे या दोन टोकांतच अडकून पडतो. एकीकडे सत्कार: बारा मेच्या परिचारिका दिनाला मेणबत्त्या, एक जुलैच्या डॉक्टर दिनाला गुलाबपुष्प, करोनात थाळ्या आणि हेलिकॉप्टरमधून फुलं. दुसरीकडे संप, आणि संपाच्या शेवटी थोडीफार वाढ. मधल्या सगळ्या दिवसांत ही माणसं नेमकी काय करतात, कामातलं काय त्यांना धरून ठेवतं आणि कशाचा उबग येतो, याची चौकशी फारशी कुणी करत नाही. अलीकडे यात ताणमुक्तीच्या शिबिरांची भर पडली आहे. प्राणायाम, हास्ययोग, कुणा व्याख्यात्याचं सकारात्मक विचारांवरचं भाषण. रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेला झोपेच्या वेळी सभागृहात बसवायचं आणि ताण कसा घालवावा हे तिला सांगायचं, यातला विनोद आयोजकांच्या लक्षात येत नसावा.

‘कामाचं समाधान’ हा विषय या अंकासाठी ठरला तेव्हा आरोग्यसेवेकडे बघावं असं वाटलं, कारण समाधान कामातच मिळावं अशी सोय जितकी इथे आहे तितकी फार थोड्या व्यवसायांत असेल. तापानं फणफणलेलं पोर चौथ्या दिवशी खेळायला लागतं, अडलेली बाई मोकळी होते, आणि त्यात आपला हात होता हे डोळ्यांना दिसतं. हे बाहेरून आणून द्यावं लागत नाही. मग ते जातं कुठे? या लेखाचं म्हणणं असं की ते कामाच्या रचनेत जिरतं. जे करायला हवं ते समोर दिसतं, करायचं कसं हेही येतं, पण माणसं कमी, औषध नाही, वेळ नोंदींत गेला, वर ऐकणारं कुणी नाही, म्हणून करता येत नाही. आणि हे रोज होतं. समाधान वाढवायचं तर कर्मचाऱ्याच्या मनावर नव्हे, या अडथळ्यांवर इलाज करावा लागेल.

नऊ खाटांमागे एक

सरकारी रुग्णालयातला मेडिसिनचा वॉर्ड पाळी बदलताना पाहावा. सकाळची सिस्टर दुपारच्या सिस्टरला एकेका खाटेशी नेऊन हँडओव्हर देते. तीन नंबरचा ताप उतरलेला नाही, सात नंबरचं सलाईन चार वाजता संपेल, अकरा नंबरला रक्त चढवायचंय पण नातेवाईक रक्तपेढीतून परतलेले नाहीत. खाटा भरल्या की जमिनीवर गाद्या पडतात. मामा आणि मावशी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आया, यांच्यापैकी एखादा एक्स-रेला रुग्ण घेऊन गेला की स्ट्रेचर ढकलायला नातेवाईकांनाच बोलवावं लागतं. परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज, औषधांच्या इंडेंटवर सह्या करत बसलेली असते आणि त्याच वेळी उद्याच्या नाइटला कोण मिळेल याची फोनाफोनी चालू असते.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा शिकवणाऱ्या रुग्णालयांसाठीचा निकष तीन खाटांमागे एक परिचारिका असा आहे. तिन्ही पाळ्यांत वाटला तर दर पाळीला नऊ खाटांमागे एक, आणि रजा-सुट्यांची भरपाई करायला वर तीस टक्के जास्तीची पदं. चाळीस खाटांच्या वॉर्डात या हिशेबानं प्रत्येक पाळीला चौघी-पाचजणी हव्यात. रात्री दोघी, कधी एकटीच आणि सोबतीला शिकाऊ विद्यार्थिनी, हे चित्र ज्यानं सरकारी रुग्णालयात कुणाच्या उशाशी एक रात्र काढली आहे त्याला सांगायला नको. अशा रात्री काय होतं? इंजेक्शनं वेळेवर जातात, कारण त्यांची नोंद केसपेपरवर करायची असते आणि सकाळच्या राउंडला ती तपासली जाते. राहून जातं ते ज्याची नोंद नसते ते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, घाबरलेल्या म्हाताऱ्याला उद्या काय तपासणी आहे ते समजावणं, घरी जाणाऱ्या मधुमेहीला इन्सुलिन कसं टोचायचं ते दाखवणं. परिचारिकेच्या शिक्षणाचा गाभाच हा. तीन-चार वर्षं जे शिकलो तेच रोज सोडून द्यावं लागतं, आणि ते सोडल्याचं कुणाला कळतही नाही. तिला मात्र कळलेलं असतं.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेतल्या लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा, दहा हजारांहून अधिक परिचारिकांचा आणि शस्त्रक्रिया झालेल्या सव्वादोन लाखांहून अधिक रुग्णांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते, परिचारिका कामानं पोळून निघण्याची 23 टक्क्यांनी आणि ती नोकरीवर नाखूश असण्याची 15 टक्क्यांनी, असं त्यात दिसलं. तिन्ही आकडे एकाच ठिकाणाहून निघाले, हे त्यातलं महत्त्वाचं. रुग्णाचं हित वेगळं आणि कर्मचाऱ्याचं वेगळं, एकाला दिलं तर दुसऱ्याचं कमी होईल, अशी जी समजूत असते तिला इथे आधार सापडत नाही. कॅलिफोर्नियानं तर 1999 मध्ये कायदा करून 2004 पासून वॉर्डनिहाय परिचारिकांचं प्रमाण बंधनकारकच केलं. तिथल्या रुग्णालयांतला आकडा आणि आपला नऊचा आकडा यांची तुलना करण्यात अर्थ नाही. पण आपलाच निकष आपण पाळला तर काय होईल, एवढं तरी विचारता येतं.

आता त्या सिस्टरच्या खेकसण्याकडे वळू, कारण वाचकांपैकी निम्म्यांच्या मनात ते आलं असणार. “सरकारी दवाखान्यातल्या नर्सेस किती तुसड्या असतात!” असतातही. क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1981 मध्ये कामातल्या थकव्याची मोजपट्टी तयार केली तेव्हा त्याची तीन अंगं सांगितली: मनाचं रितं होणं, समोरच्याला माणूस म्हणून पाहणं सुटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. यातलं मधलं अंग रुग्णाला सोसावं लागतं. ‘अकरा नंबर’ असा रुग्णाचा उल्लेख सोयीसाठी सुरू होतो आणि हळूहळू अकरा नंबरमागचा माणूस दिसेनासा होतो. प्रत्येकाचं दुःख ऐकून घ्यायचं ठरवलं तर चाळीसजणांचं ऐकता येत नाही, म्हणून कुणाचंच ऐकायचं नाही, ही तग धरण्याची रीत आहे. तिचं समर्थन करायचं कारण नाही. ‘रुग्णाशी सौजन्यानं वागा’ अशी पाटी लावून ती जात नाही, एवढंच.

निवासी डॉक्टरांची गोष्ट याहून उघड आहे. केंद्र सरकारच्या 1992 च्या निवासी योजनेत सलग काम साधारणपणे 12 तासांहून अधिक नसावं आणि आठवड्याला 48 तासांच्या आत असावं, असं लिहिलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नेमलेल्या कृती दलानं 2024 मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अहवाल दिला. त्यात आठवड्याला जास्तीत जास्त 74 तास आणि एक सुट्टी अशी शिफारस आहे. बत्तीस वर्षांत मर्यादा 26 तासांनी वाढली, आणि तरी ती सुधारणा वाटते. यावरून प्रत्यक्षातली स्थिती ओळखावी.

उपकेंद्रातली सिस्टर आणि तिची ॲप्स

गावपातळीवर चित्र बदलतं, अडचणीचा प्रकार बदलतो. नियमानं पाच हजार लोकसंख्येला, आदिवासी आणि डोंगरी भागात तीन हजारांना, एक उपकेंद्र. तिथली आरोग्य सेविका, म्हणजे लोकांची ‘सिस्टर’ किंवा ‘नर्सबाई’, लसीकरणाच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातून आलेला व्हॅक्सिन कॅरियर उघडते, कुपीवरचा रंग तपासते, मांडीवर पोर घेऊन बसलेल्या बायकांना एकेक करून बोलावते. आशाताई घरोघर जाऊन राहिलेल्यांना घेऊन येते. कामाचा हा भाग झपाट्यानं आणि हसतखेळत होतो. गाव सिस्टरला ओळखतं, सिस्टर गावाला ओळखते. गेल्या वर्षी ताप आल्यामुळे कुणाच्या पोराचा डोस चुकला हेही तिला पाठ असतं.

मग नोंदी सुरू होतात. टॅली शीट, लसीकरणाचं रजिस्टर, आईजवळचं कार्ड, माता-बाल आरोग्याचं पोर्टल, लसीकरणाचं यू-विन. गरोदर बाई असेल तर मातृवंदना योजनेचा अर्ज, तिच्या बँक खात्याचं आधार जोडणं. तिशीपुढच्यांचा रक्तदाब-मधुमेह मोजला तर त्याचं वेगळं पोर्टल, क्षयरोगाचा संशयित असेल तर निक्षय, प्रत्येकाचं आभा कार्ड, औषधसाठ्यासाठी ई-औषधी, महिनाअखेरीस एचएमआयएस. एकाच बाळाचं नाव चार-पाच ठिकाणी टंकायचं. धडगाव-अक्कलकुव्यात किंवा मेळघाटात नेटवर्क मिळेल तिथे, नाहीतर रात्री घरी. आणि दर महिन्याच्या बैठकीत किंवा जिल्ह्याच्या व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये पडद्यावर तक्ता येतो, त्यात मागे पडलेली उपकेंद्रं लाल रंगात दिसतात, आणि त्यांच्या सिस्टरना उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

नोंदींना विरोध करणं सोपं आहे, पण ते खरं नाही. कुठली बाई कितव्या महिन्यात आहे, कुणाचं हिमोग्लोबिन सातवर आलं आहे, हे लिहिलेलं नसेल तर सिस्टरला धड पाठपुरावाच करता येणार नाही. चांगल्या सेविकेची स्वतःची एक डायरी असते आणि तिच्या कामाचा कणा तीच असतो. त्रास लिहिण्याचा नाही. लिहिलेलं फक्त वर जातं, खाली काही येत नाही, याचा आहे. तिनं भरलेल्या माहितीवरून तिला कुणी कधी फोन करत नाही की, “ताई, तुमच्याकडच्या चार बायका जोखमीच्या दिसतायत, त्यांच्यासाठी सोनोग्राफीची गाडी मंगळवारी पाठवतो.” फोन येतो तो उद्दिष्टाचे नव्वद टक्के का झाले नाहीत असा. माहितीच्या बदल्यात मदत मिळाली असती तर तिनं ती आनंदानं भरली असती. एकदा भरलेलं नाव सगळ्या पोर्टलांवर आपोआप जावं, ही अपेक्षा तर बँका आणि रेल्वे यांनी केव्हाच पुरी केली आहे. आरोग्य खात्यात प्रत्येक कार्यक्रमाचा अधिकारी स्वतःचं ॲप घेऊन येतो आणि सगळ्यांच्या टोकाला तीच एक बाई असते.

आशाताईचा हिशेब

आशा कार्यकर्ती सरकारी भाषेत स्वयंसेविका. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा तिला पगार ठेवला गेला नाही, कामागणिक मोबदला ठरला. रुग्णालयात बाळंतपणाला नेलं की इतके, मुलाच्या लसी पुऱ्या झाल्या की इतके, बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या भेटी पूर्ण केल्या की 250 रुपये. नियमित कामांचे दरमहा हजार होते ते 2018 मध्ये दोन हजार झाले, 2025 मध्ये साडेतीन हजार. राज्य सरकारनं मोठ्या आंदोलनानंतर मार्च 2024 मध्ये आपल्या वाट्याची पाच हजारांची वाढ दिली. वाढ झाली हे खरं. पण मोबदला वेगवेगळ्या शीर्षांखाली, वेगवेगळ्या महिन्यांत, मागे-पुढे जमा होतो आणि कुठल्या कामाचे किती आले हे खात्यावरच्या आकड्यावरून कळत नाही. दुकानात उधारी असलेल्या घरात दोन महिन्यांची थकबाकी एकदम आल्यानं दोन महिन्यांची काळजी भरून निघत नाही.

तरीही आशांच्या असमाधानाचं मूळ फक्त पैशात शोधलं तर चुकेल, आणि हे गडचिरोलीनं दाखवून दिलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नव्वदच्या दशकात 39 गावांत थोडं शिकलेल्या बायकांना, म्हणजे ‘आरोग्यदूतां’ना, नवजात बाळाची काळजी शिकवली. जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं, वजन करणं, मिनिटाला श्वास मोजणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं. तिथे नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’नं तो अभ्यास छापला आणि तो जगभर गाजला. पुढे याच नमुन्यावरून केंद्रानं 2011 मध्ये आशांमार्फत घरपोच नवजात काळजीचा कार्यक्रम आणला. त्यात आशाला वजनकाटा मिळाला, थर्मामीटर मिळालं, घड्याळ मिळालं, सहा भेटींचा फॉर्म मिळाला. इंजेक्शन मात्र तिच्या हाती आलं नाही. देशपातळीवर सुरक्षिततेची काळजी होती, ती समजण्यासारखी आहे. पण परिणाम असा झाला की गडचिरोलीतल्या आरोग्यदूताचं काम होतं बाळ वाचवणं, आणि आशाचं काम होऊन बसलं बाळ आजारी आहे हे ओळखून दुसऱ्याला कळवणं. तिनं कळवल्यावर 108 ची रुग्णवाहिका वेळेवर आली, केंद्रात डॉक्टर भेटले, तर तिची गावातली किंमत वाढते. तिनं आग्रहानं नेलं आणि तिथे कुलूप निघालं, तर पुढच्या वेळी त्या घरात तिचा शब्द चालत नाही. आशाचं समाधान तिच्यापेक्षा वरच्या तीन पायऱ्यांवर अवलंबून ठेवलेलं आहे, आणि त्या पायऱ्यांचा मोबदला तिच्या कामाच्या यादीशी जोडलेला नाही.

खापर नेहमी खाली

नोव्हेंबर 2021 मध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि किमान 11 रुग्ण दगावले. पोलिसांनी अटक केलेल्यांत वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका होत्या. आगीच्या वेळी कोण काय करत होतं याची चौकशी व्हायलाच हवी. पण इमारतीची वायरिंग, अग्निशमनाची व्यवस्था, तिचं लेखापरीक्षण आणि त्यासाठीचा निधी यांतलं काहीही परिचारिकेच्या हातात नसतं. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका दिवसात 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात होते. पाहणीला आलेल्या खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावलं आणि ती चित्रफीत देशभर फिरली. त्या वेळी राज्यातल्या औषधखरेदीची घडी बदलत होती: हाफकिन या सरकारी महामंडळाकडे 2017 पासून असलेली खरेदी काढून वेगळं प्राधिकरण नेमण्याचा कायदा त्याच वर्षी झाला होता. झाडूनं त्यातलं काय सुटणार होतं?

अशा प्रसंगांचा परिणाम त्या रुग्णालयापुरता राहत नाही. राज्यभरातल्या वॉर्डांत त्यातून जो धडा घेतला जातो तो असा: गंभीर रुग्ण आला की हात लावण्याआधी पुढे पाठवा. ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा, तिथून जिल्हा, तिथून मेडिकल कॉलेज, असा रेफरचा प्रवास होतो त्यात वैद्यकीय कारणांइतकीच ही भीतीही असते. आणि ज्या डॉक्टरनं जमण्याजोगा रुग्ण पुढे पाठवला त्याच्या हाताला शिकण्याची संधी आणि मनाला समाधान, दोन्ही गेलेली असतात.

मारहाणीचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. महाराष्ट्रात 2010 पासून वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरच्या हल्ल्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैदेचा वेगळा कायदा आहे. मार्च 2017 मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला मारहाण झाल्यावर राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून उठले आणि त्यानंतर सुरक्षारक्षक, नातेवाईकांना पास अशा उपाययोजना आल्या. त्यांचा उपयोग झाला, पण अर्धाच. मारहाण बहुतेकदा वाट पाहण्यातून आणि काहीच न कळण्यातून भडकते. रुग्ण गेला हे सांगायला वॉर्डात जर पहिल्या वर्षाचा, छत्तीस तास न झोपलेला मुलगा एकटाच असेल, तर दारातला रक्षक उशिराच पोचणार.

आणि जागेचा प्रश्न. अरुणा शानबाग या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकेवर नोव्हेंबर 1973 मध्ये हल्ला झाला तो ड्यूटी संपल्यावर तळघरात कपडे बदलताना. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ज्या डॉक्टर तरुणीची हत्या झाली ती रात्री विश्रांतीसाठी सेमिनार हॉलमध्ये गेली होती. दोन घटनांत पन्नास वर्षांचं अंतर आहे आणि दोन्हींच्या मुळाशी कडी असलेल्या खोलीचा अभाव आहे. केईएमच्या परिचारिकांनी अंथरुणाला खिळलेल्या अरुणाताईंना 2015 पर्यंत, जवळपास 42 वर्षं सांभाळलं, अंथरुणाच्या जखमा होऊ दिल्या नाहीत. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्याची वाखाणणी केली. सेवाभावाचा दाखला म्हणून हे नेहमी सांगितलं जातं. त्यातला दुसरा दाखलाही वाचावा: वेगळी खोली, ठरलेली पाळी आणि वरिष्ठांचा पाठिंबा मिळाला तर हीच माणसं, याच रुग्णालयात, कुठल्या दर्जाचं काम करतात.

‘त्यांना पगार कमी आहे का?’

पहिला आक्षेप कायम नोकरीतल्यांबद्दल असतो. सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणारे, मुख्यालयी न राहणारे, संध्याकाळी खासगी दवाखाना चालवणारे डॉक्टर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांना आणखी काय समाधान द्यायचं? आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघतं ते आमच्याच बाजूचं. पगार चांगला असूनही माणूस कामात नसेल, तर पगारानं समाधान विकत घेता येत नाही हेच सिद्ध होतं. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्येच मांडलं होतं की पगार, नोकरीची शाश्वती, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी कमी पडल्या की माणूस नाखूश होतो, पण त्या पुरेशा झाल्या म्हणून खूश होत नाही. खुशी कामातून आणि त्यातल्या प्रगतीतून येते. हर्झबर्ग यांचा अभ्यास अभियंते आणि हिशेबनीस यांच्यावरचा होता आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. तरी ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक्स-रे नाही, प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ आठवड्यातून एकदा येतो, तिथे एमबीबीएस झालेला मुलगा ताप-खोकल्याच्या गोळ्या वाटून वर्ष काढतो आणि बंधपत्राचे दहा लाख भरलेले परवडले असं म्हणतो, त्याच्या मनातलं हर्झबर्ग यांनी बरोबर ओळखलं होतं. कामचुकारांवर कारवाई व्हावीच. ती होत नाही म्हणून शेजारचा काम करणारा माणूस सर्वांत जास्त खचतो.

पण याच तर्कानं ‘म्हणजे पैसा महत्त्वाचा नाही’ असं म्हणायला सरकारं टपलेली असतात, त्यांना तिथेच थांबवायला हवं. अकरा महिन्यांच्या कराराची, मध्ये एक दिवसाच्या खंडाची, कधी संपेल याची खात्री नसलेली नोकरी करणाऱ्याला कामाच्या आनंदाबद्दल प्रवचन देता येत नाही. जुलै 2025 मध्ये सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, ऑगस्टमध्ये आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी. खासगी रुग्णालयांत तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं दोनशेहून अधिक खाटांच्या ठिकाणी परिचारिकांना सरकारीइतकं वेतन द्यावं आणि अगदी पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही किमान वीस हजार द्यावेत, असं सांगितलं आहे. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये चौकशी केली तर त्या शिफारशीचं नावही अनेकींनी ऐकलेलं नसतं. पैसा आणि शाश्वती हे जोत्याचे दगड आहेत. घर त्यावर बांधायचं असतं, एवढाच हर्झबर्गचा अर्थ.

दुसरा आक्षेप सेवाभावाचा. पूर्वीचे डॉक्टर, पूर्वीच्या नर्सेस कुठे तास मोजायच्या? मोजत नव्हत्या, आणि त्यांची संख्या, त्यांच्याकडचे रुग्ण, रुग्णाचं वय आणि आजार, सगळंच वेगळं होतं. सेवाभाव ही कर्मचाऱ्यानं आपणहून द्यायची गोष्ट आहे. व्यवस्थेनं ती गृहीत धरून पदं रिकामी ठेवली की तिचं रूपांतर फुकटच्या मजुरीत होतं.

राहिला पैशाचा मुद्दा: हे सगळं परवडणार कसं? काही गोष्टींना पैसा लागेलच. रिक्त पदं भरायला तर लागेलच. पण बरंच काही व्यवस्थेची घडी बदलूनही होतं. तमिळनाडूनं 1994 मध्ये औषधखरेदीचं महामंडळ स्थापन करून प्रत्येक आरोग्य केंद्राला पासबुक दिलं, त्यात वर्षाची रक्कम टाकली आणि जिल्ह्याच्या गोदामातून गरजेप्रमाणे औषध उचलायची मुभा दिली. डॉक्टरनं लिहिलेलं औषध खिडकीवर मिळतं, हे त्याच्या समाधानातलं केवढं मोठं कलम आहे ते बाहेरून औषध आणायला चिठ्ठी लिहून देणाऱ्यालाच विचारावं. त्याच राज्यानं पुढे प्राथमिक केंद्रांत तीन-तीन परिचारिका नेमून आठ-आठ तासांच्या पाळ्या लावल्या, आणि रात्रीची बाळंतपणं तिथेच होऊ लागली. अमेरिकेत 1983 मध्ये, परिचारिकांची टंचाई असताना, ज्या 41 रुग्णालयांत त्या टिकून राहत होत्या त्यांचा अभ्यास झाला. तिथे वॉर्डाचे निर्णय वॉर्डात होत, पाळ्या ठरवताना परिचारिकांचं ऐकलं जाई, आणि त्यांची प्रमुख व्यवस्थापनाच्या मुख्य टेबलावर बसत असे. आपल्याकडे अधिसेविकेला खरेदीच्या बैठकीला बोलवायला काही खर्च येत नाही.

गावाच्या हातातलं

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला अबंधित, देखभाल आणि समितीचा निधी मिळून वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास रक्कम मिळत आली आहे. ती किरकोळ गोष्टींसाठीच असते: गळणारं छत, इन्व्हर्टरची बॅटरी, रात्री मुक्कामी राहणाऱ्या सिस्टरच्या खोलीची कडी, तिच्या स्वच्छतागृहाचं पाणी. पुष्कळ ठिकाणी ही बैठक कागदावर होते, सह्या घरपोच घेतल्या जातात आणि मार्चअखेर रंगकाम निघतं. समितीवर लोकप्रतिनिधी असतात, आणि खर्चाचा हिशेब माहिती अधिकारात मागता येतो.

पुढे कुणी उमेदवार मतं मागायला दारात आला तर रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं त्याचं आश्वासन ऐकून घ्या आणि तीन गोष्टी विचारा. आपल्या आरोग्य केंद्रातली किती पदं किती वर्षांपासून रिकामी आहेत? आशाताईंचा मोबदला कोणत्या महिन्यापर्यंत जमा झाला आहे? रात्री ड्यूटीवर असलेली सिस्टर झोपते कुठे? उत्तर त्याला ठाऊक नसेल तर पुढच्या वेळी घेऊन यायला सांगा. तोवर शक्य झालं तर स्वतः केंद्रात जाऊन तेच तीन प्रश्न तिथल्या सिस्टरलाही विचारून या. तिला कुणी विचारलेले नसतात.